रेंज नसलेल्या किनाऱ्यावर चालणारं प्रवासाचं ॲप: एकट्याने करायचं तर काय, कसं, कुठल्या क्रमाने

धोपाव्याच्या जेटीवर स्कूटर लावून मी उभी होते. समोर दाभोळ दिसत होतं, फेरीबोट निम्म्या खाडीत होती आणि हातातल्या फोनवर माझ्याच ॲपचं पांढरं पान, मधोमध गोल गोल फिरणारं चक्र. सहा महिने खपून केलेलं ॲप. दाभोळच्या पुढचा सगळा बेत त्यात होता: जेवायचं कुठे, खोलीसाठी फोन कुणाला करायचा, हर्णैला मासळीच्या लिलावाला किती वाजता पोचायचं. रेंज नव्हती, म्हणून त्यातलं एक अक्षर दिसेना. शेवटी तिकीट फाडणाऱ्या काकांनाच विचारलं. त्यांना सगळं पाठ होतं.

ते ॲप मी मोडीत काढलं. आता प्ले स्टोअरवर आहे ते दुसरं. पुण्यातली नोकरी सोडून गुहागरला घरी आल्यावर, लाईट आणि नेटच्या लहरी सांभाळत, एकटीने केलेलं. प्रवासाचा बेत आखायचा आणि त्याच जागी प्रवासाची रोजनिशी लिहायची, एवढंच त्याचं काम. तुम्हीही असं काही एकट्याने करायला निघाला असाल तर हा लेख तुमच्यासाठी. यात कोड नाही, कोड सगळीकडे मिळतो. कुठे अडाल आणि कुठलं काम कुठल्या कामाआधी करायचं, ते आहे.

आधी हाताशी काय हवं

- १६ जीबी रॅमचा लॅपटॉप. आठवर भागतं, पण फोनचा एमुलेटर, म्हणजे लॅपटॉपवर चालणारा नकली फोन, सुरू केला की लॅपटॉप धापा टाकतो.
- एक जुना, स्वस्त अँड्रॉइड फोन. घरात ड्रॉवरमध्ये पडलेला असतो तोच. चाचणी यावरच करायची, तुमच्या नव्या फोनवर नाही.
- इन्व्हर्टर, आणि वेगळ्या कंपनीचं एक जादा सिमकार्ड. पहिल्या पावसात हे का लिहिलंय ते कळेल.
- कोड रोज बाहेर कुठेतरी चढवायची सवय. घरातल्या दुसऱ्या हार्डडिस्कवर भिस्त ठेवू नका. वीज पडली की दोन्ही एकदमच जातात.
- आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असलेलं कार्ड. हे शेवटी लागतं, पण जुळवाजुळव आजच करा. कारण दहाव्या पायरीत येईल.
- एक वही.

१. कोडच्या आधी एक प्रवास वहीत लिहा

तुम्हाला चांगला माहीत असलेला दोन दिवसांचा एक प्रवास घ्या आणि वही घेऊन खरोखर करा. मी गुहागर ते आंजर्ले घेतला: धोपाव्यापर्यंत स्कूटर, फेरीने दाभोळ, मग हर्णै, आंजर्ले, कड्यावरचा गणपती. जिथे जिथे काहीतरी विचारावं लागलं तिथे थांबून तो प्रश्न लिहिला आणि शेजारी एक खूण केली: इथे रेंज होती की नव्हती.

घरी येऊन वही वाचली तर प्रश्न असले निघाले. फेरी आज चालू आहे का? पुढचा पेट्रोल पंप कुठे? देऊळ दुपारी बंद असतं का? एटीएममध्ये पैसे आहेत का? वस्तीची गाडी किती वाजता येते? (एसटीची जी शेवटची गाडी रात्री गावातच मुक्कामाला थांबते आणि पहाटे परत सुटते ती वस्तीची गाडी. ती माहीत नसलेला पाहुणा रात्री रिक्षा शोधत बसतो.) ‘जवळची पन्नास प्रेक्षणीय स्थळं’ हा प्रश्न वहीत एकदाही नव्हता. माझ्या पहिल्या ॲपचं मुखपृष्ठ मात्र तेच होतं.

२. काय करायचं नाही, ते भिंतीवर चिकटवा

एकटा माणूस ॲप पुरं करू शकतो ते नाही म्हणण्याच्या जोरावर. माझ्या भिंतीवर हे होतं: लॉगिन नाही. हॉटेलचं बुकिंग नाही. मित्रमंडळींची भिंत, लाइक, कॉमेंट नाही. आपोआप बेत आखून देणारं यंत्र नाही. आयफोन पहिल्या वर्षी नाही, कारण ॲपलची विकसक म्हणून वर्गणी दरवर्षी ९९ डॉलर, तर गूगल प्लेची एकदाच २५ डॉलर.

यात सगळ्यात मोलाचं लॉगिन नसणं. लॉगिन आलं की सर्व्हर आला, विसरलेले पासवर्ड आले, दर महिन्याचं बिल आलं, लोकांची खासगी माहिती सांभाळायची जबाबदारी आली. शिवाय ॲपमध्ये खातं उघडता येत असेल तर ते पुसायची सोयही द्यावी लागते, प्ले स्टोअरचा तसा नियमच आहे. रोजनिशी माणसाच्या फोनात राहू दे. तिथेच ती शोभते.

३. साधनं

यावर महिना घालवू नका. जे येतं त्यात करा. मला फ्लटर (ॲप लिहायचं एक साधन) येत होतं, म्हणून फ्लटर. तुम्हाला कॉटलिन येत असेल तर कॉटलिन, रिअ‍ॅक्ट नेटिव्ह येत असेल तर ते. माहिती साठवायला एसक्यूलाइट: फुकट, फोनातच चालतं, मुरलेलं. नकाशासाठी मॅपलिब्रे. झालं.

एकच सावधगिरी. प्रकल्प सुरू करताना ॲपची जी अंतर्गत ओळख देता, उलट्या वेबपत्त्यासारखी दिसणारी, ती एकदा स्टोअरवर चढली की जन्मभर बदलत नाही. ॲपचं नाव बदलता येतं, ओळख नाही. नमुन्यातली तशीच ठेवली तर स्टोअर घेतही नाही. मी पहिल्यांदा तिच्यात गावाचं नाव घातलं होतं. चढवायच्या आदल्या रात्री सुचलं की उद्या रायगड आणि सिंधुदुर्गही यात येणार आहेत, आणि तेव्हा बदललं.

४. माहितीचा आराखडा: ठरलेलं वेगळं, घडलेलं वेगळं

तक्ते पाचच पुरतात: प्रवास, दिवस, थांबा, नोंद, फोटो. पण थांब्याच्या तक्त्यात वेळेचे दोन रकाने ठेवा, ‘ठरलेली’ आणि ‘घडलेली’. मी सुरुवातीला एकच ठेवला होता. माणूस उशिरा पोचला की तो वेळ दुरुस्त करायचा आणि मूळ बेत पुसला जायचा. तोटा नंतर कळला. साडेनऊची फेरी ठरली होती, मिळाली अकराची, कारण रानवीच्या चढावर टायर पंक्चर झाला. या दीड तासातच त्या दिवसाची गोष्ट आहे! पंक्चर काढणाऱ्याने पाजलेला चहा, वाट बघताना खाल्लेली करवंदं. दोन्ही वेळा जवळ असतील तर ॲप स्वतःहून विचारू शकतं: ‘इथे दीड तास उशीर झाला, काय झालं होतं?’ लोक सगळ्यात जास्त याच चौकटीत लिहितात. कोऱ्या पानावर कुणी लिहीत नाही.

तारखेचे दोन खड्डे आहेत. पहिला: वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत, साठवा हे सगळे सांगतात, बरोबरच आहे, पण आपली घड्याळं साडेपाच तास पुढे. तारीख काढताना परत भारतीय वेळेत आणायला विसरलात तर पहाटे पाचचा फोटो आदल्या दिवसात जाऊन बसतो. दुसरा खड्डा माणसाच्या स्वभावाचा. रात्री साडेबाराला लिहिलेली नोंद ‘आजची’ असते, कॅलेंडर काही म्हणो. मी पहाटे चारपर्यंतचं लिखाण आदल्या दिवसात धरते, वर दिवस बदलायची सोय ठेवली आहे.

नोंदींना १, २, ३ असे क्रमांक देऊ नका, लांबलचक यादृच्छिक ओळख द्या. पुढे नवरा-बायकोच्या दोन फोनांतल्या नोंदी एकत्र करायच्या झाल्या की दोघांचाही क्रमांक ७ वेगळा निघतो.

आणि माहितीच्या प्रत्येक तुकड्याला एक रकाना: ‘शेवटचं कधी पडताळलं’. फेरीची वेळ, पंपाची वेळ, खोलीचं भाडं, सगळ्याला. तारखेशिवायची वेळ कोकणात अफवा असते.

ऋतूचंही तसंच. जंजिऱ्याच्या आणि सिंधुदुर्गाच्या होड्या पावसाळ्यात बंद, यांत्रिक होड्यांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद, कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं. म्हणून ‘बंद: या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ असे दोन रकाने लागतात. त्यात न बसणारं एक उदाहरण सापडलं, राजापूरची गंगा, म्हणजे मधूनच प्रकट होणारे झरे. ती येते तेव्हा येते. तिच्यासाठी शेवटी साधा मजकुराचा रकाना जोडला.

५. रेंज नाही असंच धरून चाला

नवख्यांची नेहमीची वाट अशी: आधी नेटवर चालणारं ॲप करायचं, मग ‘ऑफलाइनची सोय’ जोडायची. जोडता येत नाही. घर बांधून झाल्यावर पाया घालण्यातला प्रकार आहे तो. उलटं करा. ॲपने फक्त फोनातलं वाचायचं आणि फोनातच लिहायचं. नेट मिळालं तर मागच्या दाराने नवी माहिती आणून तिथेच टाकायची. पडद्याला नेट आहे की नाही हे कळताच कामा नये.

नकाशा हा यातला अवघड भाग. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनीच मिळून केलेला नकाशा सगळ्यांना खुला आहे, म्हणून अनेकजण त्यांच्या सर्व्हरवरचे नकाशाचे चौकोनी तुकडे हजारोंनी उतरवून फोनात भरून ठेवतात. करू नका. माहिती खुली आहे, पण तो सर्व्हर देणग्यांवर चालतो आणि असं घाऊक उतरवायला त्यांच्या नियमात साफ मनाई आहे. ॲप अडवलं जातं. ठिकाणं शोधून देणारी त्यांची नॉमिनॅटिम सेवाही सेकंदाला एकाच विनंतीपुरती आहे. अक्षरागणिक सुचवण्या दाखवायला ती वापरता येत नाही.

सरळ मार्ग असा. जिओफॅब्रिक या संकेतस्थळावर भारताच्या पश्चिम विभागाची कच्ची माहिती एकाच फायलीत मिळते. तिच्यातून ओस्मियम या साधनाने किनाऱ्याचा पट्टा कापून त्याचे व्हेक्टर (चित्रांऐवजी रेषा-बिंदूंचे) तुकडे करा. किंवा प्रोटोमॅप्सच्या तयार जगाच्या नकाशातून हवा तो चौकोन पीएमटाइल्स फाइल म्हणून काढून घ्या. ती एक फाइल ॲपसोबत द्या किंवा पहिल्यांदा उघडल्यावर वायफायवर उतरवू द्या. नकाशाच्या कोपऱ्यात ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांचा उल्लेख हवाच, परवान्याची अट आहे. मी फक्त किनारा दाखवते. संपूर्ण भारत दाखवणार असाल तर देशाची सीमा सर्वे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणे आहे ना, ते आधी बघा.

गूगलची ठिकाणं वापरायचा मोह होईल. त्यांच्या अटींनुसार ठिकाणाची ओळख साठवता येते, पण नाव, पत्ता, अभिप्राय कायमचे फोनात भरून ठेवता येत नाहीत. म्हणजे जेटीवर उपयोग शून्य.

एक गैरसमज इथेच काढून टाकू: जीपीएसला रेंज लागत नाही. उपग्रहाचा संदेश थेट फोनात येतो. नेट नसताना पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागतो, कधी कधी दोन-तीन मिनिटं, इतकंच. माझं ॲप दहा सेकंदांत हार मानून ‘स्थळ मिळालं नाही’ म्हणायचं. आता ते ‘शोधतंय, उघड्यावर या’ म्हणतं आणि थांबतं.

६. खाडी आणि भरती

बाहेरून आणलेला कुठलाही प्रवासाचा नमुना कोकणात दोन ठिकाणी फसतो.

पहिलं, अंतर. दोन बिंदूंमधलं सरळ अंतर काढून ‘जवळची ठिकाणं’ दाखवणं सोपं असतं. धोपाव्याहून दाभोळ समोर दिसतं. पण फेरी चुकली तर चिपळूण, खेड, दापोली असा वळसा, शंभर किलोमीटरच्या वर. तवसाळ–जयगड, वेसवी–बागमांडला, आगरदांडा–दिघी, सगळीकडे हीच कथा. त्यामुळे दोन थांब्यांच्या मध्ये पाणी असेल तर माझं ॲप दोन आकडे दाखवतं, फेरीने किती आणि रस्त्याने किती. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये फेरी मार्ग म्हणून नोंदलेली असते, पण तिला किती वेळ लागतो ते लिहिलेलं नसलं तर रस्ता काढणारं यंत्र अंदाज बांधतं, आणि फेरी रात्री बंद असते हे त्याला ठाऊकच नसतं. तुमच्या भागातली फेरी स्वतः जाऊन तिथे दुरुस्त करा. अर्ध्या तासाचं काम आहे, सगळ्यांच्याच उपयोगी पडतं.

दुसरं, भरती-ओहोटी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला होडी लागते. हेदवीच्या बामणघळीत मात्र भरतीलाच जायचं. ओहोटीला ती नुसती खडकातली भेग, भरतीला तीच घळ पाणी आभाळात उडवते. ‘सकाळी १०: बामणघळ’ असा बेत आखणाऱ्याला ॲपने निदान टोकायला हवं.

हे गणित मला शिकवलं खालच्या आळीतल्या एका काकांनी, होडीवर डांबर लावता लावता.

‘तिथी किती आज?’

‘चतुर्थी.’

‘तिची पाऊणपट कर.’

‘तीन.’

‘मग तीनला भरती पुरी. दुपारी तीन, रात्री तीन. त्यात काय संगणक?’

तिथीचा आकडा गुणिले पाऊण. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला, पंधरावी धरून, सव्वाअकरा. वद्य प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. यामागचं कारण सोपं: दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं जातात, म्हणून भरती रोज पन्नास मिनिटांच्या आसपास पुढे सरकते, आणि तिथी चंद्राबरोबरच चालते. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे पाणी कमी चढतं, कमी उतरतं.

मी हे सूत्र ॲपमध्ये घातलं आणि एक महिना रोज जेटीवर जाऊन ताडून पाहिलं. बेत आखायला पुरतं. पण हा अंदाज आहे: प्रत्येक बंदराची वेळ थोडी वेगळी असते आणि खाडीच्या आत पाणी उशिरा चढतं. नेमके आकडे हवेत तर सर्वे ऑफ इंडियाची भरतीची कोष्टकं आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या संस्थेचे अंदाज आहेत. ते ॲपमध्ये घालण्याआधी वापराच्या अटी वाचा. आणि काही झालं तरी ‘आता पोहायला सुरक्षित’ असं वाक्य ॲपमध्ये लिहू नका. मी भरतीची वेळ नेहमी ‘सुमारे’ लावून दाखवते आणि खाली ‘पाण्यात उतरण्याआधी गावात विचारा’ असं लिहिते.

७. मराठी अक्षरं: दिसतात तशी नसतात

यात माझे दोन आठवडे गेले, तुमचे वाचवते.

आत्याने हर्णैच्या लिलावावर पानभर लिहिलं. दुसऱ्या दिवशी ‘किनाऱ्यावर’ हा शब्द टाकून शोधलं तर ॲप म्हणालं, काही सापडलं नाही. आत्या म्हणाली, ‘अगो, लिहिलंय मी. तुझ्या ॲपने खाल्लं.’

खाल्लं नव्हतं. ‘किनाऱ्यावर’मधला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर तो ऱ, हलन्त आणि य असा जातो. दुसऱ्यावर साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकाच्या लेखी दोन निराळे शब्द. आत्याने लिहिलं होतं फोनच्या कीबोर्डवर आणि शोधलं होतं तोच फोन माझ्या लॅपटॉपला जोडलेला असताना, लॅपटॉपच्या कीबोर्डवरून. ‘ॲप’ या शब्दाचंही तेच: तो एकाच अक्षराने लिहिता येतो किंवा अ, जोडचिन्ह आणि चंद्र असाही. सारखी अक्षरं एका रूपात आणायचं युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण हा फरक मिटवत नाही. म्हणून मूळ मजकूर आहे तसा ठेवा, आणि शोधासाठी त्याची वेगळी प्रत करा: तिच्यात अर्धा र आणि ॲ एकाच साच्यात आणा, उरलेली अदृश्य चिन्हं काढा, नुक्ते (अक्षराखालची टिंबं) एकसारखे करा. शोधशब्दावरही तेच संस्कार करून मग जुळवा.

गावांची नावं हा पुढचा गुंता. वेंगुर्ला की वेंगुर्ले? हर्णै, हर्णे, की इंग्रजीतलं? ठिकाणाच्या तक्त्याला टोपणनावांचा तक्ता जोडा, त्यात रोमन लिपीतली रूपंही टाका. निम्मे मराठी लोक गावाचं नाव रोमनमध्येच टाइप करतात.

मजकूर कापताना अक्षरं मोजू नका. ‘पहिली तीस अक्षरं दाखव’ म्हटलं की यंत्र मात्रेच्या किंवा जोडाक्षराच्या मधोमध सुरी चालवतं आणि शेवटी पाय मोडलेलं अक्षर उरतं. फ्लटरमध्ये यासाठी ‘कॅरॅक्टर्स’ नावाचं पॅकेज आहे, इतरत्रही अशी सोय असते. आणि ॲपची भाषा मराठी म्हणून नोंदवा. नुसती देवनागरी पुरत नाही, ल आणि श हिंदी वळणाचे येतात. फॉन्टमध्ये मराठी वळणाची सोय हवी, आणि भाषा नीट नोंदवली तरच ती जागी होते.

८. फोटो

थोडक्यात. गॅलरीतल्या फोटोचा नुसता पत्ता साठवू नका, फोनाची मेमरी भरली की माणूस गॅलरी साफ करतो आणि रोजनिशीत राखाडी चौकोन उरतात. लांब बाजू १६०० पिक्सेलवर आणून आपली प्रत ठेवा. फोटोत दडलेलं स्थळ वाचायला अँड्रॉइड १० पासून वेगळी परवानगी लागते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत ते स्थळ आणि मूळ वेळ नसतेच, आणि सहलीतले निम्मे फोटो नेमके दुसऱ्यांच्या फोनातून व्हॉट्सॲपनेच येतात. तिथे उतरवल्याची तारीख मुकाट्याने लावू नका, विचारा. नोंद दुसऱ्याला पाठवताना फोटोतलं स्थळ काढून टाका, नाहीतर घराचा पत्ता फुकटात वाटला जातो.

दिवसभर पार्श्वभूमीत माग काढत राहणारं जीपीएस टाळा. बॅटरी जाते, काही फोन ॲप मध्येच झोपवतात, आणि त्या परवानगीसाठी स्टोअरला वेगळा खुलासा द्यावा लागतो. मी एक मोठं बटण दिलं: ‘आत्ता इथे’. दाबलं की वेळ आणि जागा नोंदली जाते, लिखाण नंतर.

९. बॅकअप

माझी सगळ्यात मोठी चूक इथली. ‘रोजनिशी बाहेर काढा’ असं बटण दिलं, ते एसक्यूलाइटची फाइल उचलून झिप करायचं. एका मैत्रिणीने नवा फोन घेतला, झिप आणली, आणि शेवटच्या दोन दिवसांच्या नोंदी गायब. वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात जाताना पाहिली त्या दिवसाच्या. जुना फोन ती देऊन बसली होती.

झालं असं होतं. एसक्यूलाइट ‘वॉल’ पद्धतीत चालू असेल तर ताजं लिखाण आधी शेजारच्या वेगळ्या फायलीत जातं आणि सवडीने मुख्य फायलीत उतरतं. मी फक्त मुख्य फाइल उचलत होते. तुम्ही एकतर एसक्यूलाइटचीच बॅकअपची सोय वापरा, किंवा प्रत घेण्याआधी सगळं मुख्य फायलीत उतरवून डेटाबेस बंद करा. प्रत घेऊन ती कोऱ्या फोनवर परत उघडून पाहिल्याशिवाय तिला बॅकअप म्हणू नका. अँड्रॉइडच्या आपोआप बॅकअपवरही विसंबू नका. त्याची मर्यादा ॲपमागे २५ एमबी आहे, फोटोंच्या रोजनिशीला ती एका प्रवासात संपते.

झिपसोबत एक साधी मजकुराची फाइलही द्या, कुठल्याही संगणकावर उघडेल अशी. तुमचं ॲप उद्या बंद पडलं तरी लोकांचं लिखाण त्यांच्याकडे राहिलं पाहिजे.

१०. प्ले स्टोअर

लागणाऱ्या गोष्टी: ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, २५ डॉलर भरायला कार्ड, गोपनीयता धोरणाचं वेबपान, ५१२ बाय ५१२चं चिन्ह, १०२४ बाय ५००चं चित्र, निदान दोन पडदाचित्रं (स्क्रीनशॉट), आणि माहिती-सुरक्षेचा भरलेला फॉर्म. काहीच गोळा करत नसलात तरी फॉर्म भरावा लागतो.

ओळखपत्रावरचं नाव आणि खात्यावरचं नाव तंतोतंत एक हवं. माझं आधारवर लग्नानंतरचं, पॅनवर माहेरचं. तीन आठवडे त्यात गेले, म्हणून वर म्हटलं आजच बघा. आणखी एक: वैयक्तिक खात्यावरून पैसे घेणारं ॲप विकलंत तर तुमचा पूर्ण पत्ता स्टोअरवर सगळ्यांना दिसतो. घरचा पत्ता दाखवायचा नसेल तर हे आधीच ठरवा. माझं ॲप अजून फुकट आहे, त्याचं अर्धं कारण हे.

खरी अडचण चाचणीदारांची. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी बंद चाचणी घ्यावी लागते: किमान १२ माणसं, सलग १४ दिवस. मला वाटलं, गणपतीत सगळी वाडी घरी असते, बारा काय बावीस मिळतील. मिळाले बरोब्बर बारा. आठव्या दिवशी मुंबईकर आतेभावाने ‘चाचणीतून बाहेर पडा’ हे बटण कसलं आहे ते बघायला म्हणून दाबलं. अकरा उरले, मोजणी पहिल्यापासून.

तेव्हा सोळा-सतरा घ्या. प्रत्येकाचा प्ले स्टोअरवर खरोखर वापरात असलेला जीमेल पत्ता विचारा. अनेकांचा फोन मुलाच्या खात्यावर चालतो. आणि चाचणीदार नुसते नावाला नकोत. शेवटी अर्जात, लोकांनी काय सांगितलं आणि तुम्ही काय बदललं, हे विचारतात. मी आत्याचा ‘किनाऱ्यावर’चा किस्सा सविस्तर लिहिला.

११. कधी काढायचं

जून ते सप्टेंबर लिहा, दिवाळीच्या आधी काढा. पावसाळ्यात पाहुणा कमी, लाईट जास्त वेळा जाते, पण ओल्या बोटांनी बटणं दाबली जातात का हे तपासायला याहून चांगला काळ नाही. दिवाळीपासून मेपर्यंत लोक ॲप खरंच वापरतात आणि तक्रारी येतात. त्या काळात नवं काही करायला घेऊ नका, फक्त दुरुस्त्या.

प्रत्येक आवृत्तीआधी मी जुना फोन विमान मोडवर टाकते, बंद करून परत चालू करते आणि धोपाव्याला जाते. दुपारच्या उन्हात अक्षरं दिसतात का, एका हाताने नोंद टाकता येते का, पलीकडे पोचेपर्यंत नकाशा हलतो का, एवढं बघायचं. गेल्या वेळी तिकीटवाले काका डोकावले. ‘आज दिसतंय का काही?’ मी फोन पुढे केला. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, ‘ही संध्याकाळची वेळ जुनी आहे. बदलली आता.’

बोट दाभोळला लागायच्या आत ती दुरुस्त करून घेतली, आणि ‘शेवटचं कधी पडताळलं’मध्ये त्या दिवसाची तारीख टाकली.